गुरुजी, नावे द्या!

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी आमच्याकडे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याची एक बी जिभेला लावतात. कडू जहर! पण ते कडू तोंडात गेल्याशिवाय फराळाच्या ताटाला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गोष्ट मागितली होती. मी त्यांना कारीट पाठवीत आहे. वाचकांनी ते जिभेला लावावे आणि मग खुशाल चकली मोडावी.

प्रथम माझी योग्यता सांगून टाकतो, म्हणजे ती काढण्याचे श्रम कोणाला पडणार नाहीत. मी मॅट्रिक आहे. आता त्याला दहावी म्हणतात. पण आमच्या वेल्ह्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून मॅट्रिकच आहे. (सरकारदरबारी आमचा तालुका आता राजगड झाला आहे, माझी जीभ मात्र अजून वेल्ह्यातच अडकते.) तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर वस्तीशाळा निघाली तेव्हा महिना हजार रुपये मानधनावर निमशिक्षक म्हणून मी लागलो. नोकरीत असताना शासनाने जे प्रशिक्षण करवून घेतले तेवढेच पुढचे शिक्षण. रात्री कंदिलापाशी, आणि पुढे दिव्यापाशी, दोनचार कादंबऱ्या लिहिल्या. अशा माणसाने विद्यापीठांविषयी बोलावे काय? विद्वान म्हणतील, बोलू नये. पण विद्यापीठच जर माझ्या शाळेच्या पायरीवर येऊन बसले, तर मी काय करावे?

आले ते असे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. शाळेला सुट्टी होती, पण पावसाआधी पत्रे नीट करून घ्यायचे म्हणून मी शाळेत होतो. एक मोटारसायकल येऊन थांबली. उतरलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्राची फीत, हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तके. त्याने पायातले बूट काढले, पायरीला हात लावला आणि मला वाकून नमस्कार केला. तेव्हा ओळख पटली. माझा विद्यार्थी! वस्तीशाळेच्या पहिल्या वर्षी मी ज्या सात पोरांना पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून दिले, त्यांतला एक. वाडीतला पहिला इंजिनियर. त्याच्यावर पुढली परीक्षाही पास झालेला आणि पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात प्राध्यापक झालेला. मी नाव घेत नाही. नाव घेऊन काही उपयोगही नाही. कारण ही एका फाटकामागची गोष्ट नव्हे.

माझा ऊर भरून आला. मी म्हटले, “बाळा, बस. काय शिकवतोस?”

तो म्हणाला, “गुरुजी, नावे द्या.”

“कसली नावे?”

“यंदा बारावी झालेल्या पोरांची. पोराचे नाव, बापाचे नाव, फोन. वेल्हे, विंझर, मार्गासनी, करंजावणे, जेवढी असतील तेवढी.”

मला वाटले, पोर गावाचे ऋण फेडायला आले आहे. हळूहळू उलगडा झाला. त्याची नेमणूक अकरा महिन्यांची. उन्हाळा आला की विभागातल्या प्रत्येक अध्यापकाला प्रवेशांचा आकडा ठरवून दिला जातो. तो आकडा भरला तर पुढले अकरा महिने. नाही भरला, तर मे महिन्याचा पगार अडतो आणि जूनमध्ये खुर्ची जाते. नाव देणाऱ्याला दर प्रवेशामागे काही रक्कम देण्याचीही सोय होती. ती सांगताना मात्र त्याने मान खाली घातली. “तुम्हाला नाही म्हणत, गुरुजी. पण द्यायला सांगितलेय.”

मी पैसे घेतले नाहीत. पण नावे दिली. अकरा नावे दिली. माझ्या विद्यार्थ्याची नोकरी टिकावी, म्हणून माझ्याच विद्यार्थ्यांची नावे दिली! हा लेख मी रागाने लिहीत आहे असे कोणाला वाटेल. खरे आहे, पण त्या रागाचा पहिला धनी मी आहे.

त्या अकरांतली एक मुलगी त्या विद्यापीठात गेली. तिच्या बापाने रस्त्याला लागलेले आठ गुंठे भातखाचर विकले. घेणारा पुण्याचा, त्याला तेथे सुट्टीचे घर बांधायचे होते. पहिल्या वर्षी मुलीला एकच विषय शिकवायला एका सहामाहीत तीन अध्यापक आले. पहिला सोडून गेला, दुसऱ्याला काढले, तिसरा तिच्याहून चारच वर्षांनी मोठा होता आणि आदल्या उन्हाळ्यात त्याच वर्गात बसत होता. तिला तेथे नेणारा माझा प्राध्यापक दुसऱ्या दिवाळीआधीच घरी बसला. कारण त्याचा आकडा भरला नाही.

बापाला आणखी एक आशा होती. मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले, असे त्याने ऐकले होते. ऐकले ते खोटे नव्हते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले. पण त्याच निर्णयात लिहिले आहे की, खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांतून वगळली आहेत. रंगीत पुस्तकात जलतरण तलावाचे चित्र होते. हे वाक्य नव्हते. बाप मला म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच नाव दिलं म्हणून म्या इचारलं नाय.” त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

आता माझ्या धंद्याची दोन माणकांची शब्दे सांगतो. त्यांच्यावाचून पुढचे बोलणे कळणार नाही. प्राथमिक शिक्षकाचे सारे आयुष्य दोन शब्दांत मावते: पट आणि संचमान्यता. पट म्हणजे शाळेत मुले किती. संचमान्यता म्हणजे त्या मुलांमागे शिक्षक किती, याचा दरवर्षी शासनाने लावलेला हिशोब. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असे कोष्टकच घालून दिले आहे. त्यात एक मूल कमी झाले की आमच्या पोटात गोळा येतो.

आणि शासन हे मोजते कसे! ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. सारी सरकारी यंत्रणा शाळांवर धावली. एकच मूल दोन शाळांच्या पटावर दिसू नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानाच्या वेळी लावतात ती शाई लावली. सहासात वर्षांची लेकरे! बोट पुढे करून ओळीने उभी. खोटे पट दाखवून अनुदान खाणाऱ्या संस्था होत्या, त्या पकडायलाच हव्या होत्या. मी तक्रार करीत नाही. मी एवढेच सांगतो की, मोजायचे मनात आणले तर या राज्याला मोजता येते.

पुढे २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण खात्याचे पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. त्यासाठी दाखले दोन दिले: नंदुरबारचे तोरणमाळ आणि आमच्या तालुक्यातले पानशेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसाहून कमी मुले असतील तेथे शिक्षकाचे पदच मंजूर करायचे नाही असे ठरवले, आणि त्यावरून राज्यभर शिक्षक-पालकांनी आवाज उठवला. तात्पर्य, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर एकोणीस पोरे आणि एक मास्तर असला, तर तो हिशोब मुंबईपर्यंत जातो.

मग मी विचारतो: जेथे एका पोराच्या बापाकडून वर्षाला लाखांनी रुपये घेतले जातात, तेथली संचमान्यता कोण करतो? तेथे कोणाच्या बोटाला शाई लागते?

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून एकेका खाजगी विद्यापीठासाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. प्रत्येकात ते विद्यापीठ स्वतःच्या पैशावर चालेल, शासन अनुदान देणार नाही, असे कलम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे खाजगी विद्यापीठांसाठीचे विनियम २००३ पासून आहेत. पण कागद आणि वर्ग यांत अंतर असते. त्याच सुमारास छत्तीसगडमध्ये काय झाले ते आठवा. २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन तेथे वर्षाच्या आत-बाहेर शंभरावर विद्यापीठे निघाली. कित्येकांना धड इमारतही नव्हती. प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली ती सारी विद्यापीठे न्यायालयाने रद्द ठरवली. एक म्हातारा शास्त्रज्ञ उठला नसता, तर ती दुकाने किती काळ चालली असती कोण जाणे!

शिक्षकांचे प्रमाणही पाहा. अभियांत्रिकीत पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हा तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक होता. २०१८-१९ पासून तो वीसांमागे एक झाला. विद्यापीठांना तर या परिषदेची पूर्वपरवानगी लागतच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगून ठेवले आहे. २०२४-२५ पासून परिषदेने चांगल्या म्हणवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादाही उठवली. सगळी गर्दी संगणकाच्या शाखेकडे. एका तुकडीच्या दोन, दोनांच्या चार. तुकड्या वाढवायला भिंती लागतात. त्या पैशाने उभ्या राहतात. पण शिक्षक भिंतीसारखा एका उन्हाळ्यात उभा राहत नाही. मग वर्ग भरतो आणि खुर्ची रिकामी राहते. किंवा त्याहून वाईट, खुर्चीवर दर सहामाहीला नवा माणूस बसतो. वैद्यकीय शिक्षणात तर तपासणीच्या दिवसापुरते अध्यापक उभे केले जातात, या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ साली देशभराच्या अनेक महाविद्यालयांवर आणि तपासणी करणाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला. एक दिवसाचे प्राध्यापक! आमच्या जत्रेतल्या सोंगांनासुद्धा रात्रभर नाचावे लागते.

येथे कोणी म्हणेल, मास्तर खाजगी संस्थांवर जळतो. छे! महाराष्ट्राचे सारे शिक्षण खाजगी माणसांनी उभे केले आहे आणि त्या उपकाराखाली मीही आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचे आजीव सेवक वीस-वीस वर्षे संस्थेला बांधून घेत. गोखल्यांसारखा माणूस पंचाहत्तर रुपयांवर शिकवीत राहिला. त्याच संस्थेचे २०२३ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत काढली आणि पोरांना हाताला काम देऊन शिकवले. ‘खाजगी’ ही शिवी नव्हे.

आणि खाजगी विद्यापीठ म्हणाल, तर त्याचा मूळ पुरुष आपलाच आहे! धोंडो केशव कर्वे. १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले तेव्हा सरकारचा पैसा नव्हता, सरकारची मान्यताही नव्हती. कायद्याची मान्यता मिळाली १९५१ साली. पहिल्या वर्षीचा पट किती होता, ऐकता? पाच! आजच्या हिशोबाने समूह शाळेतही जमा न होणारा पट. पण शिक्षकांची बाजू बघा. भांडारकरांसारखा पंडित कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षण मातृभाषेतून; पदवीचे नावसुद्धा ‘गृहीतागमा’. त्याआधी १९०८ सालीच अण्णांनी निष्काम कर्ममठ काढून संस्थेला जन्म वाहणारी माणसे गोळा केली होती. म्हणजे आधी शिकवणारे, मग इमारत, आणि विद्यार्थी येतील तेव्हा येतील. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले, पण ते चार वर्षे काम दिसल्यावर.

कर्वेही दारोदार हिंडले, नाही कसे? पार्वतीबाई आठवले तर अमेरिकेपर्यंत गेल्या. परक्या घरी घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले. माझा विद्यार्थीही दारोदार हिंडला. दोघांच्याही खांद्याला झोळी. पण एक झोळी संस्थेने मुलींसाठी फिरवली; दुसरी संस्थेने शिक्षकाच्या गळ्यात अडकवली आणि म्हटले, भरून आण, म्हणजे त्यातून तुझा पगार देऊ. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने कर्व्यांचा फोटो भिंतीवर लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सरकारी विद्यापीठे तरी कोठे धड आहेत? नाहीतच. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात अध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. गावोगावच्या अनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर, पंचविशीची पोरे चाळिशीला पोहोचली. सरकारने आपली खुर्ची रिकामी ठेवली म्हणूनच शेजारच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळाले. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, तेव्हापासून हीच चाल आहे. देणग्यांची लूट इतकी वाढली की १९८७ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा सरकारला मी सोडत नाही. पण घरमालक झोपला होता म्हणून चोर सज्जन ठरत नाही.

तिसरे उत्तर मला त्या विद्यापीठाच्याच एका अधिकाऱ्याने फोनवर दिले. “पालक स्वतः निवड करतात. आम्ही कोणाला ओढून आणत नाही.” निवड? बाजारात इंद्रायणी तांदूळ घेताना आमची बाई मूठभर दाणे दातांखाली धरून बघते. तिला दाणा बघता येतो म्हणून ती निवड. तुम्ही पालकाला वातानुकूलित गाडी दाखवता, एका मुलाला मिळालेल्या मोठ्या पगाराचा फलक दाखवता. आणि दाणा? शिकवणारा कोण, कायम आहे की अकरा महिन्यांचा, गेल्या वर्षी होता तोच यंदा आहे का, हे तुम्ही दाखवीत नाही. न दाखवलेल्या मालाची निवड होत नाही, फसवणूक होते.

म्हणून माझी मागणी अगदी मास्तरी आहे. आमच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर काळ्या फळ्यावर पट लिहिलेला असतो: मुले किती, मुली किती, आज हजर किती. तसा एक फळा प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशकचेरीबाहेर लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. प्रत्येक शाखेत विद्यार्थी किती, कायम अध्यापक किती, मुदतीचे किती, गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेले किती, आणि येथे कोणती शिष्यवृत्ती वा शुल्कमाफी लागू नाही. हे आकडे विद्यापीठांपाशी नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीसाठी आणि राष्ट्रीय मानांकनासाठी विद्यार्थी व अध्यापकांचे आकडे ती दरवर्षी दिल्लीला भरून पाठवतात. दिल्लीला कळवता ते वेल्ह्याच्या शेतकऱ्याला का कळवत नाही? आणि शासनाने वर्षातून एकदा, न कळवता, तीन दिवस पडताळणी करावी. २०११ ची शाई उरली असेल. लेकरांच्या बोटांना चालली, प्राध्यापकांच्या बोटांनाही चालेल. दुसरी मागणी त्याहून साधी: शिकवणाऱ्याला प्रवेशाचा आकडा देणे हा गुन्हा ठरवा. ज्याचे पोट पोर आणण्यावर चालते, तो त्या पोराला “तू येथे येऊ नकोस, तुझी आवड वेगळी आहे” असे कधी सांगू शकेल?

शासन हे करील तेव्हा करील. तोवर, वाचकहो, तुमच्या घरात यंदा बारावीचे मूल असेल, तर या सुट्टीत फराळ झाल्यावर एक कोरा कागद घ्या. वर लिहिलेले प्रश्न त्यावर उतरवा आणि पैसे भरण्याआधी सहीशिक्क्यासह उत्तरे मागा. तोंडी उत्तर घेऊ नका. प्रवेशकचेरीत गोड बोलणाऱ्याला विचारू नका. चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला विचारा, गणित कोण शिकवते आणि गेल्या वर्षी कोण शिकवीत होते. तो खरे सांगेल. त्याला अजून कोणी आकडा दिलेला नाही.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा एक मोटारसायकल शाळेपाशी थांबली. पोरगा दुसरा, विद्यापीठ दुसरे, फीत तशीच. माझा विद्यार्थी नव्हता, तरी त्यानेही बूट काढले. म्हणाला, “गुरुजी, नावे द्या.” मी त्याला पाणी दिले, बसवले आणि म्हटले, “देतो. आधी तू मला नावे दे. तुझ्या विभागात जे शिकवतात त्यांची. कायम किती, ते वेगळे लिही.” वही पुढे केली. त्याने पेन उघडले, थोडा वेळ विचार केला, चार नावे लिहिली, मग त्यांतली दोन खोडली. स्वतःचे नाव लिहिलेच नाही.

ती वही माझ्यापाशी आहे. आठ गुंठे गेलेल्या त्या बापाला मी ती अजून दाखवलेली नाही. भातकापणी उरकली की दाखवणार आहे. कापायला त्याच्याकडे यंदा फारसे उरलेले नाही.